होडीच्या बुडाला कोणता रंग?



आजचा विषय वाचून देशावरचा शेतकरी म्हणेल, "होडीशी आमचा काय संबंध?" पण आपल्या कोकणपट्टीत भात आणि होडी एकाच घरात नांदतात. पावसाळ्यात खाचरात चिखलणी आणि लावणी, पाऊस सरला की खाडीत जाळे. कुणाची होडी मासेमारीची असते, तर कुणी तिच्यातून पेंढा, शेणखत, नारळ नि आंब्याच्या पेट्या पैलतीरी नेतो. अशा घरात होडी ही बैलजोडीसारखीच. तिची निगा राखली तर ती साथ देते, हयगय केली तर ऐन हंगामात बसकण मारते.

होडीची खरी निगा तिच्या बुडाची. वरचा भाग सगळ्यांना दिसतो, म्हणून त्याला आपण हौसेने रंग देतो, डोळे काढतो, नाव घालतो. बुडासाठी मात्र दुकानात जाऊन म्हणतो, "बुडाचा लाल रंग द्या." दुकानदार जो डबा पुढे करील तो आपला. कुणी स्वस्त म्हणून घेतो, कुणी महाग तो चांगलाच असणार म्हणून घेतो. दोघेही चुकण्याचा संभव आहे. बियाणे घेताना आपण जमीन कसली, पाणी किती, हे आधी पाहतो ना? रंगाचेही तसेच आहे. आधी आपली होडी कशी राहते ते पाहा, मग डब्याकडे पाहा. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी हे पत्रक वाचल्याचे सार्थक झाले.

बुडाला चिकटते तरी काय?

स्वच्छ बुडाची होडी खाऱ्या पाण्यात सोडली की काही तासांतच तिच्यावर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. मग शेवाळ येते. त्यानंतर येतात कवचाचे जीव. त्यांत सर्वांत त्रासदायक तो पांढरा, चुन्याच्या बारक्या सुळक्यासारखा, हात लावला तर कापणारा जीव. इंग्रजीत त्याला बार्नेकल म्हणतात. त्याची पिल्ले डोळ्यांना सहजी दिसणार नाहीत इतकी लहान असतात आणि पाण्यात तरंगत हिंडतात. बरी जागा सापडली की डोके टेकवून तिथेच चिकटतात आणि अंगातल्या लुकणाने जन्मभराची बैठक मारतात. आपल्या कोमट पाण्यात त्यांची वाढही झपाट्याने होते. मागोमाग कालवे, शिणाणे येतात.

असे बूड म्हणजे खडबडीत दगडच. पाणी अडते, होडी जड चालते, इंजिन जास्त तेल पिते, वल्हवणाऱ्याचे खांदे भरून येतात.

लाकडी होडीला आणखी एक वैरी आहे. तो बाहेर दिसत नाही. लाकूड पोखरणारा हा समुद्री जीव, टेरेडो, दिसायला अळीसारखा, पण जात शिंपल्याची. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो बारीक असताना आत शिरतो आणि आतल्या आत वाढत लाकडाची चाळण करतो. बाहेरून फळी धड दिसते, बोटाने दाबली की आत जाते. रंगाला एक जरी ओरखडा राहिला तरी याला दार उघडे मिळते.

रंग काम कसे करतो?

तुमच्यापैकी सुपारी-बागायतदारांना बोर्डो मिश्रण ठाऊकच आहे. मोरचूद आणि चुना यांचे ते मिश्रण आपण पावसाच्या तोंडावर कोळे रोगासाठी फवारतो. त्यातले खरे औषध म्हणजे तांबे. होडीच्या बुडाच्या बहुतेक रंगांतही औषध तेच, तांबे. फक्त ते क्युप्रस ऑक्साइड या लालसर भुकटीच्या रूपात असते. म्हणून तर बुडाचा रंग बहुधा विटकरी दिसतो. ही भुकटी पाण्यात अगदी हळूहळू विरघळते. बुडाला लागून तांब्याचा पातळ पडदा राहतो आणि चिकटायला आलेले पिल्लू तिथे टिकत नाही.

"मग तेलरंगात मोरचूद कालवला तर स्वस्तात काम होईल की!" असे कुणी सुचवील. तसे करू नका. मोरचूद पाण्यात चटकन विरघळतो. होडी पाण्यात गेली की तो लवकरच धुऊन जाईल, रंगाला भोके पडतील आणि तुमच्या हाती फुटका रंग राहील. शेतातले कीटकनाशक रंगात कालवणे तर त्याहून वाईट. ते रंगवणाऱ्याच्या अंगाला लागते आणि खाडीतल्या माशांना मारते.

रंगाच्या तीन जाती

१. झिजणारा रंग. साबणाची वडी वापरता वापरता झिजते तसा हा झिजतो. वरचा थर गेला की खालचा ताजा थर उघडा पडतो. होडी मधूनमधून वर काढली तरी याचे फारसे बिघडत नाही. पण वाळूवरून, खडकावरून ओढली तर हा लवकर खरवडला जातो.

२. कडक रंग. हा झिजत नाही. तांबे तेवढे आतून झिरपते आणि रंगाचा सांगाडा तसाच राहतो. घासणे, धुणे हा चांगले सोसतो. पण फार दिवस होडी कोरड्यावर राहिली की याचा वरचा थर निकामी होतो. शिवाय दरवर्षी थरावर थर चढून शेवटी पापुद्रे सुटतात. मग सगळे खरवडण्याशिवाय गत्यंतर नसते.

३. गुळगुळीत, बिनविषारी रंग. हे सिलिकॉनचे असतात. जीव चिकटला तरी वेगात घसरून पडतो. पण त्यासाठी बोट भरधाव आणि वरचेवर चालली पाहिजे. हे रंग महाग असतात आणि ओरखड्याने फाटतात. किनाऱ्याला टेकणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या आपल्या होडीच्या ते कामाचे नाहीत.

तुमची होडी कशी राहते?

आता स्वतःलाच चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, होडी खाऱ्या पाण्यात असते की गोड्या? उजनी किंवा कोयनेच्या जलाशयात होडी चालवणाऱ्या बंधूंनी हा रंग घेऊच नये. गोड्या पाण्यात बार्नेकल नाही नि टेरेडोही नाही. तिथे येते ते शेवाळ, आणि ते काथ्याच्या कुंच्याने निघते. तिथे लाकूड जपणारे तेल किंवा साधा चांगला रंग पुरेसा आहे. प्यायच्या पाण्यात विनाकारण विष कशाला घालायचे?

दुसरा प्रश्न, काम झाले की होडी वर ओढता का? जी डोण किंवा लहान होडी रोज भरतीच्या रेषेवर पूर्ण कोरड्यात ओढली जाते, तिच्यावर जीव वाढायला वेळच मिळत नाही. तिलाही विषारी रंग नको. आपल्या वाडवडिलांची रीत तिला चांगली लागू पडते. कोरड्या लाकडाला उंडीचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल पाजावे, फटी राळेने बुजवाव्या आणि वरचेवर खरडून उन्हे दाखवावी. काजूच्या टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, तेव्हा हाताला खोबरेल चोळून वर हातमोजे घालावेत. पण होडी चिखलातच ठेवता आणि प्रत्येक भरतीला ती तरंगते, असे असेल तर तिला कोरडी समजू नका. तिच्यावर जीव बसतात.

तिसरा प्रश्न, होडी हंगामभर नांगरावर, पाण्यातच असते का? तशी असेल तर रंग हवा. सावकाश चालणाऱ्या, मधूनमधून वर येणाऱ्या होडीला झिजणारा रंग बरा. जिचे बूड दर आठवड्याला वाळूला किंवा धक्क्याच्या दगडाला घासते तिला कडक रंग बरा. दोन्ही अडचणी असतील तर पठाणाखाली, म्हणजे बुडाच्या मुख्य कण्याखाली, झिजण्यासाठी वेगळी लाकडी पट्टी ठोका. घासेल ती पट्टी, रंग राहील.

चौथा प्रश्न, बूड कशाचे आहे? याचे उत्तर सविस्तर पाहू.

लाकूड, फायबर आणि अॅल्युमिनियम

लाकडी बुडाला तांब्याचा रंग चालतो, पण लोखंडी खिळे सांभाळा. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड शेजारी आले की लोखंड खाल्ले जाते. ही गोष्ट आरमारांना फार महागात पडली आहे. १७६१ साली इंग्रजांनी 'अलार्म' नावाच्या लढाऊ जहाजाच्या बुडावर तांब्याचे पत्रे ठोकले. जीव बसले नाहीत, पण १७६३ मध्ये तपासले तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेले होते. जिथे पत्र्याखाली गुंडाळणीचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते! तुमच्या होडीतही तो 'कागद' पाहिजे. म्हणून प्रत्येक खिळ्याचे डोके घासून गंज काढा, त्यावर लोखंडाचा अस्तररंग द्या, लांबी भरा आणि मगच तांब्याचा रंग लावा.

फायबरच्या होडीचा पृष्ठभाग नवेपणी मेणकट असतो. तो धुऊन, पॉलिश कागदाने मंद करून, इपॉक्सी अस्तर दिल्याशिवाय रंग धरत नाही. नुसता चोपडला तर पहिल्या महिन्यातच सोलून निघेल.

अॅल्युमिनियमच्या बुडाला क्युप्रस ऑक्साइडचा रंग लावू नका. धातूला भोके पडतील. त्यासाठी अॅल्युमिनियमला चालतो असे स्पष्ट लिहिलेला वेगळा रंग मिळतो. होडीमागे लावायच्या इंजिनाचा पाण्यातला पायही बहुधा अॅल्युमिनियमचाच असतो, म्हणून त्यालाही तांब्याचा रंग नको. बुडाला गंजापासून वाचवायला जस्ताचे तुकडे बसवले असतील तर ते रंगवू नका. रंगवलेले जस्त निकामी होते.

खाडी आपलीच आहे

रंगाचे विष होडीपाशीच थांबत नाही. फ्रान्समध्ये, बोर्डो मिश्रणाला ज्या शहराचे नाव मिळाले त्या बोर्डोपासून जवळच, आर्काशों नावाची खाडी आहे. तिथले लोक कालवांची शेती करतात. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे कालवांची पिल्ले धरेनाशी झाली आणि मोठ्या कालवांची कवचे वेडीवाकडी, जाड होऊ लागली. शोध घेता कारण सापडले ते होडीच्या रंगात. त्या काळी ट्रायब्युटिलटिन नावाचे कथिलयुक्त विष रंगात घालत. तांब्यापेक्षा ते फार जहाल. १९८२ साली फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान होड्यांना हा रंग बंद केला, तेव्हा कुठे तिथली कालवे सावरू लागली. पुढे २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. तेव्हा कुणी जुना डबा "एकदम जालीम आहे" म्हणून स्वस्तात देऊ लागला, तर हात जोडून परत करा. सायब्युट्रिन नावाच्या दुसऱ्या विषावरही अशीच बंदी २०२३ पासून आली आहे. डब्यावरची घटकांची यादी वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून, मुलाकडून वाचून घ्या.

तांबे त्या मानाने सौम्य, पण तेही विषच. कालवे पाण्यातले तांबे अंगात साठवतात. आपल्याकडे बायाबापड्या ओहोटीला तिसऱ्या नि कालवे काढतात, आणि सिंधुदुर्गात बचत गट खाडीत कालवे-शिणाण्यांची शेती करतात. बुडाची खरवड त्याच पाण्यात लोटायची आणि त्याच पाण्यातली तिसरी संध्याकाळी रश्शात घालायची, हा कुठला न्याय? म्हणून नको तिथे रंग नको, आणि लावलात तर त्याची खरवड सांभाळा.

रंग लावण्याची रीत

पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढली की त्याच दिवशी बूड खरडा. जीव ओला असतो तोवर सहज निघतो, वाळला की दगड होतो. होडीखाली जुनी ताडपत्री पसरा आणि पडेल ते तिच्यात गोळा करा. ही खरवड खाडीत, खाचरात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका आणि जाळूही नका. बंद डब्यात भरून ठेवा आणि ग्रामपंचायतीला किंवा बंदरावरच्या कार्यालयाला विचारून घातक कचऱ्यात द्या.

जुना रंग कोरडा घासू नका. त्याची धूळ छातीत जाते. पाणी मारून घासा, नाकाला चांगला मास्क लावा, हातमोजे घाला, पोरांना नि कोंबड्यांना लांब ठेवा.

मग बूड गोड्या पाण्याने धुवा आणि वाळू द्या. लाकूड वाळले पाहिजे, पण वैशाखाच्या उन्हात फळ्या तडकताही कामा नयेत. वर झापांची सावली करा. वाळले की नाही हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. फळीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर लाकूड अजून ओले आहे.

पूर्वी डांबर लावले असेल तर त्यावर नवा रंग बसत नाही. डांबर वर फुटून येते. आधी ते पूर्ण काढा. जुना रंग कोणत्या जातीचा ते आठवत नसेल तर हातभर जागेत नवा रंग लावून पाहा. सुरकुतला किंवा उकलला तर जुना खरडावाच लागेल.

फटी बुजवणे, तेल पाजणे आणि अस्तर ही कामे पावसाआधी उरकून घ्या. पण तेल पुरते मुरून सुकल्याशिवाय अस्तर देऊ नका. बुडाचा शेवटचा रंग मात्र होडी पाण्यात लोटण्याच्या बेताला, छपराखाली, उघडीप पाहून लावा. नारळी पौर्णिमेची घाई म्हणून ओल्या बुडाला रंग फासाल तर तो पैसा दर्याला वाहिलात असे समजा. रंगवल्यानंतर किती तासांनी आणि किती दिवसांच्या आत होडी पाण्यात घालायची, हे डब्यावर लिहिलेले असते. ते पाळा.

तांबे जड असते आणि डब्याच्या तळाला बसते. वरवर हलवून लावलात तर अर्ध्या होडीला नुसते तेल नि अर्ध्या होडीला तांबे लागेल. काठी तळाला लावून चांगले ढवळा, लावतानाही मधूनमधून ढवळा. पुरवठ्याला यावा म्हणून पातळ करू नका. दोन हात द्या. पठाण, नाळ, सुकाणू आणि पाण्याची रेषा या जागा जास्त झिजतात, तिथे तिसरा हात द्या. होडी भरल्यावर जिथवर बुडते त्याच्या चार बोटे वरपर्यंत रंग न्या.

रंग किती लागेल?

अंदाजाने आणू नका. एक दोरी घ्या. बुडाखालून, एका बाजूच्या पाण्याच्या रेषेपासून दुसऱ्या बाजूच्या रेषेपर्यंत, पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजा. समजा ४, ८ आणि ६ फूट आले. बेरीज १८, तिनाने भागले तर सरासरी ६ फूट. होडीची लांबी २४ फूट असेल तर ६ गुणिले २४, म्हणजे १४४ चौरस फूट. दोन हातांचे २८८. डब्यावर एका लिटरला १०० चौरस फूट असे लिहिले असेल तर जवळजवळ ३ लिटर लागतील, आणि तिसऱ्या हाताच्या जागांसाठी थोडा जास्त.

एवढे लक्षात ठेवा

१. गोड्या पाण्यातल्या आणि रोज पूर्ण कोरड्यात ओढायच्या होडीला विषारी रंग नको.

२. सावकाश, पाण्यात राहणाऱ्या होडीला झिजणारा, घासणाऱ्या होडीला कडक.

३. लोखंडी खिळे झाकून मगच तांबे. अॅल्युमिनियमला क्युप्रस ऑक्साइड लावू नये.

४. मोरचूद, कीटकनाशक रंगात कालवू नये. कथिलयुक्त जुना डबा घेऊ नये.

५. खरवड ताडपत्रीवर, खाडीत नाही.

शंका राहिली तर आपल्या तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. तिथेही विचारता येईल. जाताना रंगाचा रिकामा डबा सोबत न्या आणि होडी पाण्यात किती दिवस असते ते नीट सांगा. सल्ला त्यावरच अवलंबून असतो.

होडी आपली आहे, तशी खाडीही आपलीच आहे. दोन्ही पुढच्या पिढीच्या हाती धड द्यायच्या आहेत. रामराम.